खोडलेली ओळ

दप्तरखान्यातल्या बाई साडेदहाला येणार होत्या. पावणेनऊपासून वहिनींनी समोरच्या खोलीतल्या खुर्च्या तीनदा हलवल्या. पहिल्यांदा त्यांनी त्या भिंतीवरच्या पत्राकडे तोंड करून मांडल्या. ते शोकसभेसारखं दिसायला लागलं, म्हणून भिंतीला टेकवून ठेवल्या. तर त्यांची मुलगी बारकी म्हणाली, "आता दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतंय." तेव्हा खुर्च्या पुन्हा पहिल्या जागी गेल्या आणि वहिनींनी मुलीला खाली पिटाळलं.

बारकी हे नाव तिला दोन वर्षांची असताना पडलं होतं. आता ती एकतीस वर्षांची होती, बापाहून चार बोटं उंच होती आणि तळमजल्यावरच्या बाइंडिंगच्या कारखान्यात आत्याच्या हाताखाली बारा वर्षं काम करत होती. नाव बदलावं असं कुणाला सुचलं नव्हतं. या घरात एकदा चिकटवलेलं सहसा कुणी काढत नसे.

पत्र मात्र आज निघणार होतं. बारकीच्या वडिलांनी, दादांनी, मागच्या रविवारी तसं जाहीरच केलं होतं. पत्र दप्तरखान्याला द्यायचं, महिनाअखेर कारखाना बंद करायचा, तळमजल्यावर धाकट्या भावाचं फरशांचं दुकान येईल, आणि आक्कानं आता आराम करावा. शेवटचं वाक्य ते अगदी मायेनं बोलले होते. आक्का, म्हणजे बारकीची आत्या, त्र्याहत्तर वर्षांची, दादांहून तीन वर्षांनी मोठी. आराम या विषयाचा तिला काहीच अनुभव नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं, खाली गेली आणि अंधार पडेपर्यंत पुठ्ठे कापत राहिली.

वहिनी या बाबतीत नवऱ्याच्या बाजूच्या होत्या. नणंदेशी त्यांचं वाकडं नव्हतं. पण आपल्या पोरीनंही आत्यासारखं खळीच्या वासात म्हातारं व्हावं, हे त्यांना बघवत नव्हतं. बारकीला कारखाना हवा होता, हे त्यांना माहीत होतं. तिला लहानपणी आगगाडीसुद्धा हवी होती, असं त्या म्हणत.

दादा खोलीत आले तेव्हा त्यांनी ठेवणीतला सदरा घातला होता. ते पत्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले. तळहातापेक्षा थोडा मोठा कागद, बारा ओळी, काळीभोर शाई. पाचव्या ओळीवर कागदाची पातळ पट्टी चिकटवलेली. साडेपाचशे वर्षांपूर्वी एका राजानं त्यांच्या पूर्वजाला, म्हणजे आपल्या बाइंडरला, हे पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. राजा एकोणीस महिने गादीवर होता. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दीड ओळ आली होती. त्याचे बाकीचे सगळे कागद लेखनिकांच्या हातचे. स्वतःच्या अक्षरातला एवढा एकच उरला होता आणि तो या खोलीत, खिडकीच्या बरोबर समोर लावलेला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसावा म्हणून.

खिडकीसमोर असल्यामुळे तो विटायचा. विटायचा म्हणून या घरात एक रीत पडली होती. कारभार नव्या माणसाकडे गेला की त्यानं आधी तीन दुपारी बसून पत्रावर शाई चढवायची. बारीक टाकानं एकेक अक्षर गिरवायचं, कुठेही रेघ बाहेर जाऊ न देता. ते झालं की कारखान्यात कुणी कुठल्या टेबलावर बसायचं, कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाकारायचं, हे त्यानं ठरवायचं. त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी शाई दादांनी चढवली होती. रविवारी ते जे बोलले ते त्याच अधिकारानं बोलले.

"दादा, ती पट्टी आज काढणार का त्या?" धाकट्यानं विचारलं. तो अठ्ठावन्नचा होता, फरशांच्या धंद्यात होता आणि खोलीत शिरल्यापासून पायाखालच्या फरशीकडे नापसंतीनं बघत होता.

"काढतील नाहीतर राहू देतील. तुला काय त्याचं?"

"त्यात जमीन आहे. मी लहानपणापासून सांगतोय. राजानं आधी जमीन लिहून दिली आणि मग त्याचा विचार फिरला. पण लिहिलेलं ते लिहिलेलंच."

"खोडलेलंही खोडलेलंच," दादा म्हणाले.

पट्टीखालची ओळ राजानं स्वतः खोडली होती, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. राजानं खोडलेलं आपण कसं गिरवायचं, म्हणून तिच्यावर कधी कुणी शाई चढवली नाही. पुढे पणजोबांना ती खाडाखोड डोळ्यांना बरी दिसेना. ते बाइंडर होते. डाग दिसला की त्यावर कागद चिकटवायचा, हे त्यांच्या हाताला आपोआप जमायचं. तेव्हापासून ती ओळ कुणी पाहिली नव्हती आणि त्यामुळे तिच्यात काय आहे ते प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. आजोबा म्हणत राजकारणातलं गुपित आहे. धाकट्याची जमीन होती. वहिनींच्या मते त्यात एखादी बाई होती, कारण पुरुषमाणूस लिहिलेलं उगीच खोडत नाही.

बाई बरोबर साडेदहाला आल्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, खांद्याला चौकोनी पिशवी. बसा म्हटल्यावर त्या बसल्या नाहीत.

"हात कुठे धुऊ?"

वहिनींनी नवा साबण काढून ठेवला होता. बाईंनी हात धुतले आणि पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढून पुसले. वहिनींनी मनातल्या मनात त्याची नोंद घेतली.

"चहा?"

"काम झाल्यावर घेते. आणि कागद टेबलावर असेपर्यंत कुणीच घेऊ नका, प्लीज."

त्यामुळे सहा कप चहा बाजूच्या फळीवर गार होत राहिला. आक्का आणि बारकी खालून वर आल्या. आक्कानं हात धुतले होते, पण नखांच्या कडेला खळ वाळलेली होती. तिनं आपला कप उचलला, उजव्या हातात धरला आणि बाईंच्या सूचनेप्रमाणे न पिता तशीच दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

दादांनी चौकट उतरवली. बाईंनी मागचे खिळे काढले, कागद मऊ पांढऱ्या कापडावर ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं. दादांना शांतता सहन होत नसे.

"वाचून दाखवू का? आम्हाला तोंडपाठ आहे." आणि ते हो-नाहीची वाट न बघता पाढे म्हटल्यासारखं सुरू झाले. "'बांधणी करणाऱ्यास. शंभर पानांची कोरी वही हवी. पान जाड असावं, आम्ही लिहिताना टाक दाबतो. लेखनिकांना कळू देऊ नये, वही आमच्या स्वतःसाठी आहे.' मग ती खोडलेली ओळ. मग, 'तुमच्या हातावर आमचा भरवसा आहे.'"

"हे खाली पाटीवरही आहे," बाई भिंगातूनच म्हणाल्या.

"आजोबांनी लिहून घेतली ती पाटी. राजाचं प्रशस्तिपत्र म्हणायचं."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "ही शाई नवी आहे."

दादांचा चेहरा खुलला. "नवी कुठली. एक्केचाळीस वर्षं झाली. पण बघा, काल चढवल्यासारखी आहे."

"चढवल्यासारखी म्हणजे?"

दादांनी रीत समजावून सांगितली. तीन दुपारी, बारीक टाक, रेघ बाहेर न जाऊ देणं, सगळं. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा असतो तसा तो होता.

"आणि तुमच्याआधी?"

"वडिलांनी. त्यांच्याआधी आजोबांनी, पणजोबांनी, त्यांच्या वडिलांनी. त्याच्यामागचं सांगता येणार नाही, पण कुणी चुकवलेलं नाही."

"नाही, चुकवलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "पाच थर तर मीच मोजले."

"बघा," दादा धाकट्याला म्हणाले.

बारकीला मात्र कळलं. जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करायला लागल्यापासून तिला हळूहळू कळतच आलं होतं आणि ती गप्प बसली होती. आता तिला बापाची कीव आली आणि स्वतःचा रागही आला.

"बाबा, त्या म्हणताहेत की राजाचं अक्षर उरलेलं नाही."

"कसं उरलेलं नाही? खाली आहे ना. आम्ही त्यावरच गिरवलंय."

"गिरवताना प्रत्येक वेळी केसभर सरकतं," बाई म्हणाल्या. "पाच-सहा पिढ्यांमध्ये सरकत सरकत ते तुमचं होतं. हे पत्र राजाचं आहे, मजकूर राजाचा आहे. हात तुमच्या घराण्याचा आहे." त्यांनी भिंगाची काच पुसली. "त्याचं अक्षर कसं होतं ते कुणालाच माहीत नाही. मी त्या राजाच्या कागदांवर अकरा वर्षं काढली आहेत. इथे बघायला मिळेल म्हणून आले."

त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. वहिनींनी टॉवेलची गोष्ट तिथल्या तिथे माफ करून टाकली. धाकटा मात्र पुढे सरकला.

"मग ती पट्टी? तिच्याखाली कुणी गिरवलेलं नाही. आणि उजेडही लागलेला नाही."

बाईंनी मान वर केली. "त्याच्यावर कुणीच शाई चढवली नाही?"

"राजानं खोडलेलं आम्ही कसं गिरवायचं?" दादा दुखावल्या सुरात म्हणाले.

बाईंनी पिशवीतून पाटीएवढा चपटा दिवा काढला. खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. कागद काचेवर ठेवून खालून दिवा लावला, तेव्हा पट्टीच्या आतून तपकिरी रंगाची एक ओळ वर आली. अक्षरं वाकडीतिकडी होती, मोठी होती आणि टाक इतका दाबलेला होता की दोन ठिकाणी कागद फाटायला आला होता. मधून एक आडवी रेघ गेलेली. बाकीच्या अकरा सुबक ओळींमध्ये ती ओळ चुकून घरात आलेल्या माणसासारखी दिसत होती.

"हा तो," बाई म्हणाल्या. नंतर त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"जमीन आहे का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही."

"बाई?" वहिनी.

"नाही." त्यांनी हवेतच ओळीवरून बोट फिरवत वाचलं. "'मागल्या वहीची शिवण महिन्याभरात सुटली. तरीही.'"

दादांनी ओठ हलवून पुढची ओळ जोडून पाहिली. तरीही, तुमच्या हातावर आमचा भरवसा आहे. ते खुर्चीवर बसले. खाली पाटीवर हातभर उंचीची पिवळी अक्षरं होती आणि ती आता त्यांना वरूनच दिसत होती.

"दोऱ्याला मेण लावलं नसणार," दाराजवळून आक्का म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"किंवा दोरा ओला असेल," बारकी म्हणाली.

"ओला असता तर आठवड्यात सुटली असती. महिना टिकली म्हणजे मेणच नव्हतं." आक्का विचारात पडली. "आणि जाड पान म्हणतोय. जाड पानाला दुहेरी दोरा लागतो."

साडेपाचशे वर्षांपूर्वीची तक्रार होती आणि ती आक्काला मनापासून लागली होती.

धाकट्यानं आता या सगळ्यातून अंग काढून घेतलं. जमीन गेली होती. "म्हणजे दादा, पत्र द्यायचं की नाही? फरशीवाल्यांना मी पहिल्या तारखेचं सांगून बसलोय."

"दप्तरखान्याला नक्की हवं आहे," बाई म्हणाल्या. "एका ओळीसाठी का होईना. ती अंधारात ठेवायला हवी. आणि यापुढे कुणी शाई चढवायची नाही. आज, उद्या, कधीच नाही."

हे ऐकून सगळ्यांची नजर बारकीकडे गेली. आत्तापर्यंत तिला एक आशा होती की बाबांचं मन वळेल, त्यांच्यानंतर आपण तीन दुपारी त्या कागदापुढे बसू आणि मग खालचं कुणाला काढून घेता येणार नाही. घरात हे कुणी बोललेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आता बसायचं म्हटलं तरी कागदच नव्हता. वहिनींना हेच हवं होतं. पण लेकीचा चेहरा बघून त्यांना आनंद झाला नाही.

बाईंनी फॉर्म काढला. चार पानी, मागेपुढे छापलेला.

"हस्ताक्षर कोणाचं, असा रकाना आहे. ओळ पाचवी, राजा. बाकीच्या ओळींसाठी सगळ्यात वरचा थर ज्यांचा आहे त्यांची माहिती लिहावी लागते. म्हणजे तुम्ही."

"लिहा," दादा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा सावरला. राजा नाही तर नाही, आपलं नाव तर लागतंय.

"तुम्ही डावखुरे ना?"

"मी? नाही. उजव्या हातानं लिहितो. का?"

बाईंनी भिंग पुन्हा घेतलं, पाहिलं, ठेवलं. "आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे ओढल्या आहेत. टाक टेकवलाय तिथे शाई जाड आहे, उचललाय तिथे पातळ. आणि प्रत्येक ओळीत ओली शाई थोडी पुढे पुसली गेली आहे, हात तिच्यावरून सरकल्यामुळे. डाव्या हातानं लिहिणाऱ्याचं असं होतं. खालच्या थरांमध्ये नाही. फक्त वरच्यात." त्या साधेपणानं बोलत होत्या. फॉर्म नीट भरला जावा एवढंच त्यांना हवं होतं.

दादांनी सदऱ्याच्या वरच्या बटणाला हात लावला. ते लावलेलंच होतं.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांच्या असताना त्या या घरात आल्या, तेव्हा दादांनी त्यांना पहिल्यांदा पत्रासमोर उभं केलं होतं आणि म्हणाले होते, हे मी केलंय. त्या वेळी त्यांना नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता. त्यानंतर दर वेळी, अगदी भांडणातसुद्धा, तो त्यांच्या कामी आला होता.

बारकी मात्र कुणाकडे बघत नव्हती. ती आत्याच्या हाताकडे बघत होती. कारखान्यात दार बंद असलं की आत्या सुई डाव्या हातात घ्यायची. गिऱ्हाईक आलं, दादा खाली आले, की सुई उजव्या हातात जायची आणि शिवण मंदावायची. बारा वर्षांत बारकीनं कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, हा कामातला काही बारकावा असेल.

आक्कानं कप फळीवर ठेवला. तिला हे सगळं आज इथे, या बाईंच्या तोंडून होईल असं वाटलं नव्हतं. त्या दुपारी तिला लख्ख आठवत होत्या. वर वडील अंथरुणाला खिळलेले, दर तासाला विचारायचे, झाली का रे ओळ? खाली दादा टाक हातात घेऊन बसलेला. रद्दी कागदावर त्यानं चारदा टाक टेकवला आणि चारदा डाग पडला. मग तो म्हणाला, आक्का, माझ्यानं नाही होणार. तो रडला नाही, पण ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं. तिनं दार लावलं, टाक डाव्या हातात घेतला. तीन दुपारी तिनं अकरा ओळी गिरवल्या आणि तो शेजारी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता, बाजारभावासकट. वडील वर्षभरानं गेले. मग सांगायला हरकत नव्हती, पण तोवर दादाचा कारभार सुरू झालेला होता आणि तो काही वाईट चालला नव्हता.

डावा हात ही आणखी एक गोष्ट. लहानपणी वडील गृहपाठाच्या वेळी तिचा डावा हात बाइंडिंगच्या फितीनं खुर्चीला बांधून ठेवत. दुष्टपणा नव्हता. दाबाच्या लोखंडी यंत्राची मूठ उजव्या हाताची आणि डावखुऱ्या माणसाचं बोट त्यात जातं, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. नऊ वर्षांची झाल्यावर फीत सुटली. तेव्हापासून चारचौघांत आक्का उजवीच होती.

"त्या वेळी दादाचा हात भाजला होता," आक्का म्हणाली. "सरस सांडला होता, उकळता. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून त्यानं डाव्या हातानं काढलं. वेळच तशी होती, वडील आजारी होते. लिहा तसं."

ती इतक्या सहज बोलली की धाकट्यानं मान डोलावली. "हो, हो, आठवतंय मला," असंही तो म्हणाला. त्या वर्षी तो दुसऱ्या गावी शिकायला होता.

बाईंनी पेन उघडलं. "डाव्या हातानं इतकं सुरेख? सवय नसताना?"

"आमच्याकडे सगळ्यांचेच हात चांगले आहेत," आक्का म्हणाली.

दादा उठले. खिडकीशी गेले आणि ओढलेला पडदा पुन्हा बाजूला केला. मग कागद उजेडात आहे हे लक्षात येऊन तो परत ओढला. या पडद्याच्या कामात त्यांचा बराच वेळ गेला. आक्का आपल्यासाठी दुसऱ्यांदा तेच करत होती. पहिल्या वेळी आपण हो म्हणालो, कारण वर वडील होते. आता वर कुणी नव्हतं.

"भाजला नव्हता," दादा पडद्याला म्हणाले.

"दादा," आक्का म्हणाली.

"नव्हता भाजला. सरस सांडला नव्हता. काहीच झालं नव्हतं." ते वळले. "माझ्यानं जमलं नाही. हिनं काढलं. अकराच्या अकरा ओळी. मी शेजारी बसून पेपर वाचला."

वहिनींनी एवढंच विचारलं, "बाजारभाव?" कारण दादा रोज सकाळी त्यांनाही बाजारभाव मोठ्यानं वाचून दाखवत आणि त्या कधीच ऐकत नसत.

"हो," दादा म्हणाले. "तेही."

वहिनी उठल्या आणि आक्काच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खुर्च्या सकाळी तीनदा हलवणाऱ्या बाईनं जागा बदलली, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

धाकट्याला सगळ्यात शेवटी उमगलं, आणि उमगलं ते त्याच्या बाजूनं. "थांबा. शाई आक्कानं चढवली असेल तर रविवारी दादानं जे ठरवलं..."

"ते मी ठरवायला नको होतं," दादा म्हणाले. "एक्केचाळीस वर्षांत जे जे ठरवलं तेही."

"तसं म्हणू नकोस," आक्का म्हणाली. "कटिंगचं मशीन घेतलंस ते चांगलं केलंस."

"आणि फरशा?" धाकट्यानं विचारलं.

आक्कानं या खोलीत आजवर काही ठरवलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं की असा प्रसंग आला तर आपल्याला खूप बोलायचं असेल. प्रत्यक्षात फारसं काही नव्हतं.

"पत्र बाईंना द्यायचं. दादाचं ते बरोबर आहे, आपण ते पुरतं गिरवून टाकलंय. कारखाना चालू राहील. तुझ्या फरशा दुसरीकडे बघ."

"आणि बारकी? ती शाई कशावर चढवणार? कागदच चाललाय."

"तिला शाई कशाला हवी? आपण बाइंडर आहोत." आक्का बारकीकडे वळली. "शंभर पानांची कोरी वही शिव. जाड पान, दुहेरी दोरा, मेण लावलेला. महिनाभर या टेबलावर ठेवू. रोज कुणीतरी उघडायची आणि मिटायची. टिकली तर कारखाना तुझा."

"आणि सुटली तर?" बारकीनं विचारलं.

"तर दुसरी शिवशील. तरीही."

दादा पहिल्यांदा हसले. हसणं लगेच बिघडलं आणि त्यांना रुमाल काढावा लागला. वहिनींनी पोरीकडे पाहिलं. बारा वर्षांत त्यांनी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि आगगाडीचं ते आपण उगीच म्हणत होतो असं त्यांना वाटून गेलं.

दप्तरखान्यातल्या बाई हे सगळं पेन उघडं धरून ऐकत होत्या. कुणाच्याही घरी गेलं की असं काहीतरी होतंच, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. खोली शांत झाल्यावर त्यांनी रकाना भरला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. "ओळ पाचवी, राजा, स्वहस्ते, खोडलेली. बाकीच्या अकरा ओळी, घरातली थोरली बहीण, बाइंडर. बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाले.

"मग देणाऱ्याची सही तुमची लागेल," बाई आक्काला म्हणाल्या आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला. सोबत शाईचं पेन दिलं. दप्तरखान्यात बॉलपेन चालत नसे.

आक्कानं पेन उजव्या हातात घेतलं. कागदावर टेकवलं. मग उचललं, सगळ्यांसमोर डाव्या हातात घेतलं आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव. दादा बघत होते. त्यांनी तिला असं लिहिताना एकदाच पाहिलं होतं, तीन दुपारी. ती सहीच्या शेवटापर्यंत आली तोवर तळहाताची कड मागच्या ओल्या अक्षरांवरून सरकत गेली होती आणि सही उजवीकडे थोडी फरफटली होती. करंगळीला शाई लागली.

बाईंनी फॉर्म उचलून उजेडाकडे धरला. "थोडं पुसलंय. दुसऱ्या फॉर्मवर पुन्हा करता का?"

"पुन्हा केली तरी अशीच येणार," आक्का म्हणाली.

बाईंनी फॉर्म पिशवीत ठेवला. मग वहिनींनी चहा परत गरम करायला घेतला.